मानेवरचे लाल ठिपके

खोळ खाली ओढली आणि तोलोलोचेच्या, माझ्या उभ्या बासच्या, मानेच्या कडेला लाल ठिपके दिसले. आधी वाटलं, कुणाच्या तरी हातचा साल्सा उडालाय. कोपऱ्यावर आम्ही सगळेच उभ्याउभ्या खातो, कुणाच्या तोंडचं काय कुणाच्या वाद्यावर गळेल याचा नेम नसतो. अंगठा ओला करून पुसलं. गेले नाहीत. नखानं खरवडलं तेव्हा कळलं की हे नेलपॉलिश आहे. मसुराच्या डाळीएवढे बारीक ठिपके, एकाखाली एक, काळजीनं लावलेले, आणि लावले आहेत तेही समोर ऐकणाऱ्याला दिसणार नाहीत अशा कडेला, फक्त वाजवणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतील असे. म्हणजे मला. मी खोळ पुन्हा वर ओढली आणि आजूबाजूला पाहिलं. दुपारचं ऊन रस्त्यावर पसरलेलं होतं. बंद दुकानाच्या सावलीत उबाल्दो मास्तर अकॉर्डियन मांडीवर घेऊन डोळे मिटून बसले होते. होमेरो आपल्या बाहोच्या बारा तारा फडक्यानं पुसत होता, आणि त्या जाडजूड गिटारीच्या पोटावर त्याचं लक्ष जरा जास्तच होतं. पलीकडच्या सावलीत वाजवणाऱ्यांच्या आणखी दोन-तीन टोळ्या गिऱ्हाइकाची वाट बघत होत्या. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. मला वाटलं, सगळे माझ्याकडेच बघताहेत.

या ठिपक्यांचा अर्थ आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतो. बास गिटारच्या मानेवर धातूचे पडदे असतात. दोन पडद्यांच्या मध्ये बोट कुठंही ठेवा, सूर जिथं यायचा तिथंच येतो. बोट मूर्ख असलं तरी पडदा शहाणा असतो. तोलोलोचेची मान सपाट. माणसाएवढं लाकडी धूड मिठी मारल्यासारखं धरायचं, आणि त्या काळ्या गुळगुळीत मानेवर सूर कुठं आहे ते आपल्या कानानं शोधायचं. ज्याला सापडत नाही तो खुणा करतो, कुणी खडूनं, कुणी चिकटपट्टीनं. अशांची उबाल्दो मास्तर सालं काढत. आंधळ्याला काठी आणि बहिऱ्याला खुणा, असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते त्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. एकदा एका वाजवणाऱ्याला त्यांनी भर रस्त्यात विचारलं होतं की बायकोच्या अंगावरही अशाच खुणा करून ठेवल्यात का. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आता ते हसू घशात परत आलं, आंबट ढेकरेसारखं.

माझा डावा कान गेलाय. गेलाय म्हणजे ऐकू येत नाही असं नाही. ऐकू येतं आणि चुकीचं येतं, तीच खरी मेख आहे. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. अम्पारोला, माझ्या बायकोला, सांगितलं होतं की डॉक्टरनं मळ काढला आणि आता सगळं ठणठणीत आहे. तिनं मळ केवढा होता ते विचारलं, मी बोटाच्या पेरानं दाखवला आणि तिनं शी म्हणून तोंड फिरवलं. खोटं इतकं सोपं असतं. कोपऱ्यावरही कुणाला कळलं नसेल अशी माझी समजूत होती. कळलं तर ही जागा जाणार, आणि या जागेपलीकडे माझ्याजवळ काही उरलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तोलोलोचेवाले काही कमी नाहीत. लिनारेसहून आलेला एक जण, माझ्याच वयाचा, मिशीवाला, गेले काही दिवस आमच्या कोपऱ्याभोवती घुटमळत होता. मास्तरांनी त्याला एकदा शेजारी बसवून घेतलं आणि त्याचं वाद्य हातात घेऊन पाहिलं. मी तेव्हा रस्त्यापलीकडे पाण्याची बाटली घेत होतो. परत येईपर्यंत तो निघून गेला होता आणि मास्तरांनी त्याचं नावही काढलं नाही.

कान कुठं गेला ते मला माहीत आहे. नाचाच्या बँडमध्ये मी बास गिटार वाजवत असे, अर्धं आयुष्य. लग्नं, पंधराव्या वाढदिवसाच्या मेजवान्या, गावोगावच्या जत्रा. माझी जागा ठरलेली, डाव्या हाताला ड्रमवाल्याच्या झांजा आणि पाठीशी माझ्या उंचीचे स्पीकर. बटण फिरवलं की पँटचे पाय थरथरत. मला त्याचा माज होता. मी दुसऱ्या कुणाचं ऐकत नसे, ऐकायची गरजच काय, मलाच सगळे ऐकत. घरी येऊन झोपलो की उशीत शिटी वाजत राही आणि मी अम्पारोला म्हणे की शेजाऱ्यांचा कुकर बंद कर. मग बँडच्या मालकाच्या पुतण्यानं एक कीबोर्ड आणला. त्यात माझा बास होता. माझाच, माझ्या हातचा, आधी कधीतरी रेकॉर्ड करून त्यात भरलेला. एका बोटानं त्यानं तो वाजवून दाखवला आणि म्हणाला, निकान्द्रो काका, हा बघा तुम्ही. सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी घरी येताना खांद्यावर गिटारचा पट्टा नव्हता आणि खांदा उगाच वर उचललेला राहत होता.

मास्तरांचा भाऊ फिदेन्सिओ वारला त्यानंतर मास्तर माझ्याकडे आले. त्यांचा तोलोलोचेवाला तोच होता, तरुणपणापासून. वाद्य भिंतीला टेकवून चादर टाकून ठेवलं होतं, घरात कुणी आजारी माणूस उभा असावा तसं. विकणार नाही, पण उभं राहून सडूही देणार नाही, असं मास्तर म्हणाले. मला वाटलं, चार तारा तिथं, चार तारा इथं, त्यात शिकायचं काय. पहिल्या दिवशीच बोटांना फोड आले. दुसऱ्या दिवशी ते फुटले. गिटार तुमच्या गळ्यात लटकते, इथं तुम्हीच त्याच्या गळ्यात पडायचं. आवाज वाढवायचं बटण नाही. मानेवर फिदेन्सिओच्या बोटांनी झिजलेल्या जागा होत्या, हाताला लागत, आणि माझी बोटं त्यांच्या अलीकडे-पलीकडे पडत. मास्तर वाजवणं थांबवत, माझ्याकडे बघत, काही न बोलता पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि मग एक दिवस लागलं. कुणाच्या तरी म्हातारीचा वाढदिवस होता, सकाळचीच वेळ, अंगणात मांस भाजत होतं, धूर डोळ्यांत जात होता. मास्तरांनी भाता ओढला आणि सूर निघायच्या आधी त्या भात्याचा श्वास मला ऐकू आला. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचा श्वास ऐकला मी वाजवताना. त्या श्वासाबरोबर बोट गेलं ते नेमकं जागेवर पडलं. होमेरोची तार, मास्तरांचा सूर आणि माझ्या पोटाशी धरलेलं लाकूड, तिन्ही मिळून एक झालं आणि ते मला कानांत नाही, बरगड्यांत कळलं. होमेरो गाता गाता कडव्याच्या मधेच हसला. म्हातारी खुर्चीतून उठून एकटीच नाचू लागली. मला रडू आलं, उघडपणे सांगतो. इतकी वर्षं मी नुसता मोठा आवाज करत होतो आणि संगीत हे इथं तिघांच्या मधल्या जागेत होतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्यानंतर काही काळ मी सुखी होतो. सुखी हा शब्द मी सहसा वापरत नाही.

ते कधी बिघडलं हे सांगता येत नाही, कारण मला ते बिघडल्यासारखं वाटलंच नाही. उलट मास्तरांचं अकॉर्डियन बिघडलंय असं मला वाटू लागलं. त्यांच्या पट्ट्या चढल्यात, दुरुस्तीला द्या, असं मी एकदा त्यांना सुचवलंसुद्धा. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले की देतो. मग शिटीचा त्रास वाढला म्हणून डॉक्टरकडे गेलो. त्यानं कानांना यंत्र लावलं, आधी उजव्या कानात एक सूर वाजवला, मग डाव्या. विचारलं, कसे वाटले. मी म्हटलं, डावा जरा चढा होता. त्यानं पुन्हा वाजवले. मी पुन्हा तेच म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, दोन्हीकडे एकच सूर आहे. मी विचारलं की मग खरा कुठला. उजवा, तो म्हणाला, डावा आता असाच राहणार, याला औषध नाही. तोलोलोचे वाजवताना त्याची मान डाव्या कानाशी असते. सगळं लाकूड डाव्या कानात बोलतं. त्या कानाला सूर चढा लागतो म्हणून बोट आपोआप मागं सरतं, आणि जिथं मला गोड लागतं तिथं जगासाठी तो उतरलेला असतो. फार नाही, केसभर. आमच्याकडे अशाला कणसूर म्हणतात, आणि कणसूर माणसाला कुणी तोंडावर सांगत नाही. बेसुराला हसता येतं. कणसुराबरोबर वाजवायला कुणी उभं राहत नाही, एवढंच.

मी कापूस घालून पाहिला. कापसानं अकॉर्डियन गेलं, पण लाकडाचा आवाज हाडांतून येतो, त्याला कापूस कुठं घालणार. डोकं उजवीकडे वाकवून पाहिलं तर मान अवघडली आणि एका गिऱ्हाइकानं मला लकवा झालाय का म्हणून विचारलं. मग मी ठरवलं की कुणाला कळत नाहीये. आता खोळीवर हात ठेवून बसलो असताना एकेक गोष्ट आठवू लागली. तारा जुळवायचं काम होमेरोनं कधीपासून आपल्याकडे घेतलं होतं, दे, तुझी बोटं सुजलीत म्हणत. मास्तर हल्ली सगळी गाणी दोनच पट्ट्यांत घेत, जिथं मोकळ्या तारांवर भागतं, बोट ठेवावंच लागत नाही. मी समजत होतो की म्हातारा आळसावलाय. आणि हा रंग. तोलोलोचे होमेरोच्या घरी असतं, कारण मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि गाडीही त्याचीच. त्याची बायको सकाळी पोळीत अंडं आणि सुकं मांस गुंडाळून हातात देते तेव्हा तिची नखं दिसतात. हाच लाल. म्हणजे घरात बसून बोलणं झालं असणार. बिचारा निको, असं म्हणाली असणार ती. मला होमेरोच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी उठून निघून जावंसं वाटलं, वाद्य तसंच ठेवून, बसथांब्यापर्यंत, कुणी हाक मारली तरी डाव्या बाजूनं ऐकू आलं नाही असं दाखवून.

तेवढ्यात काळ्या कपड्यातली एक बाई गाडीतून उतरली आणि थेट मास्तरांकडे आली. तिचे वडील गेले होते, ट्रक चालवायचे, तासाभरात मूठमाती होती, आणि आधी ठरवलेली टोळी आलीच नव्हती. आम्ही तोलोलोचे गाडीच्या टपावर बांधलं. वाटेत मी मागं बसलो होतो आणि टपावरची दोरी वाऱ्यानं गुणगुणत होती, ती मला डाव्या कानात एका सुरात आणि उजव्या कानात दुसऱ्या सुरात ऐकू येत होती. होमेरो आरशातून मधूनमधून माझ्याकडे बघत होता. ठिपक्यांबद्दल तो काही बोलला असता तर मी गाडीतून उतरलो असतो. तो बोलला नाही, आणि मी उतरलो नाही.

कबरस्तानात सावली नव्हती. मातीतून उष्ण वास येत होता, फुलं केव्हाच मरगळली होती. आमच्यात अशी रीत आहे की शवपेटी खाली उतरायला लागल्यापासून गवंड्यानं वरच्या फरशीची शेवटची सांध भरेपर्यंत वाजणं थांबू द्यायचं नाही. गाणं संपलं तरी तोलोलोचे चालू राहतं, एकटंच, पुढचं गाणं कुठलं ते घरचे सांगेपर्यंत. फावड्याचा आवाज घरच्यांना ऐकू जाता कामा नये, म्हणून. मास्तर नेहमीप्रमाणे माझ्या उजव्या हाताला उभे राहिले. होमेरो पलीकडे. मी खोळ काढली. ठिपके उन्हात चकाकले. मास्तरांनी भाता ओढला, श्वास आला, आणि बोट कुठं ठेवायचं हे त्या क्षणात ठरवायचं होतं. मी डोळे उघडे ठेवले आणि बोट ठिपक्यावर ठेवलं.

ते घाण वाटलं. दुसरा शब्द नाही. डाव्या कानात प्रत्येक सूर चढलेला, आंबलेला, दुधात लिंबू पिळावं तसा. माझी सगळी बोटं मागं सरू पाहत होती आणि मी त्यांना ठिपक्यांवर दाबून धरत होतो. दुसऱ्या कडव्याला त्या बाईनं तोंडावर रुमाल घेतला. तिचा भाऊ, भला दांडगा माणूस, गवंड्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला. एक म्हातारा टोपी छातीशी धरून आमच्याबरोबर गुणगुणत होता. होमेरोचा आवाज उघडला होता, कित्येक दिवसांत मी तो असा मोकळा ऐकला नव्हता, आणि त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि हसला, अगदी त्या म्हातारीच्या वाढदिवसाला हसला होता तसा. सगळं लागलं होतं. तिघांच्या मधल्या त्या जागेत संगीत पुन्हा येऊन उभं होतं, सगळ्यांना ते दिसत होतं, आणि मी त्याच्या दाराबाहेर उभा राहून आतल्या लोकांसाठी वाजवत होतो.

गाणं संपलं. मास्तरांनी हात काढला आणि कपाळ पुसलं. बाई भावाला विचारत होती की बाबांना नदीचं गाणं जास्त आवडायचं की घोडीचं. मी एकटाच चालू होतो, त्या लाकडाचा ठोका आणि फावड्याचा खरखराट. आणि तेव्हा मी डोळे मिटले. बोट मागं सरलं, केसभर, ठिपक्याच्या अलीकडे, आणि सूर गोड झाला. किती गोड, ते कसं सांगू. छातीतलं सगळं ढिलं झालं. शेजारी अकॉर्डियन नव्हतं, बाहो नव्हता, मला खोटं पाडायला कुणी नव्हतं. एकटा होतो तोवर मी बरोबर होतो. मी तसाच वाजवत राहिलो. डोळे उघडले तेव्हा बाईचं सांगून झालं होतं, नदीचं. होमेरो तयार होता. मास्तर माझ्या बोटांकडे बघत होते. त्यांचे हात पट्ट्यांवर होते आणि ते सुरू करत नव्हते. त्यांनी मला आणखी थोडं वाजवू दिलं. आणखी थोडं. मग त्यांनी मान खाली घातली, भाता ओढला, आणि तो श्वास ऐकू आल्याबरोबर मी बोट उचलून ठिपक्यावर ठेवलं.

शेवटची सांध भरून झाली. लोक पांगले. मास्तरांनी अकॉर्डियनचा पट्टा आवळला आणि माझ्याजवळून जाताना थांबले.

"आज लागलास, लेका," ते म्हणाले. "फिदेन्सिओनं टोपी काढली असती."

मी मान हलवली. ते गाडीत जाऊन पुढं बसले आणि त्यांनी डोळे मिटले. होमेरो आणि मी वाद्य टपावर चढवलं. माझ्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला लाल रंग लागला होता. वरचे दोन ठिपके घामानं आणि घासून निम्मे गेले होते.

"हे टिकत नाहीत," मी म्हटलं. "उद्या येताना वहिनींची शिशी घेऊन ये."

होमेरोचा हात दोरीवर थांबला. त्यानं गाडीच्या काचेकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"माझं डोकं नव्हतं ते, निको. मास्तर आले होते रविवारी. पलंगावर आडवं घातलं वाद्याला, स्वतः अकॉर्डियनची एकेक पट्टी दाबून धरली आणि मला सूर जुळेल तिथं तार दाबायला लावली. ठिपका मात्र स्वतःच्या हातानं लावला."

"बहिऱ्याला खुणा," मी म्हटलं.

"मी बोललो त्यांना, सरळ सांगू या ना त्याला. तर म्हणाले, सांगितलं तर जाईल तो. लिनारेसवाल्यालाही त्यांनीच घालवला."

मी दोरीचं दुसरं टोक त्याच्याकडे टाकलं. कबरीवरच्या फरशीला गवंडी पाणी मारत होता. लिनारेसवाला उभा राहिला असता या जागी तर आज सगळ्यांना असंच गोड वाटलं असतं, आणि शिवाय त्याला स्वतःलाही. मास्तरांनी मला ठेवून घेतलं होतं. आता जाताही येणार नव्हतं.

"आणशील ना शिशी?"

"आणतो." तो घुटमळला. चाळीस वेळा वाजवलेलं गाणं पहिल्यांदाच लागावं तसा त्याचा चेहरा अजून उजळलेला होता. "पण खरं सांग, आज तुलाही छान वाटलं ना? मला तर जुने दिवस आठवले."

"फार छान," मी म्हटलं, आणि गाठ आवळली.